मडगार्डावरचे मामा

मला मामांचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं मी त्यांचं कौतुक करायला लागलो की वाचणाऱ्याला वाटेल, काय मोठ्या मनाचा माणूस आहे हा. मी तसा नाही. मामा आमच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते आणि मी त्या ट्रॅक्टरच्या मालकाचा मुलगा, तरी अकरा वर्षं मी त्यांच्यावर जळत होतो. जळायला फार मोठं कारण लागतं असं नाही. मला त्यांचे डोळे पुरले.

मामा म्हणजे माझे मामा नव्हेत. ते सगळ्या गावाचेच मामा होते. मूळचे केंदूरचे. ऐन जवानीत कामाच्या शोधात नदी ओलांडून आमच्या कासुर्डीकडं आले आणि राहिले. अंगानं किडकिडीत, कानावर केस, शर्टाच्या खिशात कायम बडीशेपेची पुडी. माझे वडील, म्हणजे आबा, कुठल्याही ड्रायव्हरला अरेतुरे करायचे. मामांना मात्र 'तुम्ही'. मी बी.ए. झालो, लग्न झालं, एका मुलीचा बाप झालो, तरी मला 'ए, इकडं ये' आणि मामांना 'या मामा, बसा'. हे ज्याच्या घरात घडलंय त्यालाच मी काय म्हणतो ते कळेल.

उसाचा सीझन सुरू झाला की आमचे दोन ट्रॅक्टर कारखान्याच्या वाहतुकीला लागायचे. एक मामा चालवायचे, एक मी. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. ज्यांनी हे वाहन चालवलेलं नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. एक ट्रॉली असली तर मागं घेता येते. दोन जोडल्या की रिव्हर्स विसरायचा. मागची ट्रॉली एकीकडं जाते, पुढची दुसरीकडं, आणि ट्रॅक्टर मधेच अडकून बसतो. म्हणून शहाणे ड्रायव्हर उसाच्या रानात एकेक ट्रॉली नेतात, भरून बाहेर काढतात आणि सडकेवर आणून जोडतात. वेळ जातो, डिझेल जातं, पण अब्रू राहते. मामा दोन्ही ट्रॉल्या जोडूनच आत जायचे. एका अंगानं आत, ऊस भरायचा, दुसऱ्या अंगानं बाहेर. आलेल्या वाटेनं परत जाणं त्यांना मंजूर नव्हतं. "आलो त्याच वाटंनं जायाचं तर आलो कशाला," असं म्हणायचे.

आत जाण्याआधी त्यांचा एक सोहळा असायचा. ट्रॅक्टर रानाच्या तोंडाशी उभा करायचा, मडगार्डावर चढायचं, दोन्ही हात पाठीमागं बांधायचे आणि बघायचं. ऊस तोडणारी टोळी तिथं खोळंबलेली, मुकादम घड्याळ बघतोय, मागं दुसरा ट्रॅक्टर हॉर्न मारतोय, मामा बघतायत. मान हलायची नाही. हलायचे ते फक्त डोळे. मधे कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं टोळीतली माणसं एकमेकांना गप्प करायची. माझ्या लग्नात मंगलाष्टकांना एवढी शांतता नव्हती.

ते बघतात कसं, हे मी बरीच वर्षं चोरून बघितलं. समोरून उभं राहून त्यांच्या बुबुळांवर नजर ठेवायची, असा माझा उद्योग. तेव्हा ध्यानात आलं की मामा ट्रॅक्टरपासून बघायला सुरुवात करतच नाहीत. त्यांची नजर आधी लांब जिथं बाहेर पडायचंय तिथं जायची, सडकेला. तिथून मागं मागं यायची. सडक, विजेच्या डांबाचा कोपरा, विहीर, बाभळ, आणि शेवटी आपली पुढची चाकं. मग तीच वाट पुढं. मग पुन्हा मागं. सरळ रस्त्यावरून डोळे भर्रकन निघून जायचे, त्यावर एक क्षण फुकट घालवायचे नाहीत. जिथं दोन वाटा फुटायच्या तिथं मात्र थांबायचे, एका वाटेनं थोडं आत जाऊन परत यायचे, दुसरीनं जायचे. शेवटी मामा डोळे मिटायचे. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं तशीच फिरत असायची. मग बडीशेपेची चिमूट तोंडात टाकून खाली उतरायचे आणि म्हणायचे, "चला."

बोट मात्र कधी दाखवायचे नाहीत. एकदा मी विचारलं, "मामा, कुठनं जायचं ते बोटानं दाखवा की."

"बोट दाखवलं की नजर बोटापाशी थांबती," मामा म्हणाले. "तू बोट बघशील, वाट न्हाई बघनार."

मी त्या दिवशी घरी येऊन गच्चीवर गेलो, हात पाठीमागं बांधले आणि आमच्या गोठ्यापासून हायवेपर्यंतची वाट उलटी बघायचा प्रयत्न केला. हायवे दिसला, शाळा दिसली, मग शाळेसमोर कुणाची तरी नवी गाडी उभी होती ती दिसली, आणि तिथंच माझं बघणं संपलं. बायको पाठीमागं कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. "काय मामांची नक्कल चाललीय?" तिनं विचारलं. मी म्हणालो, मान अवघडलीय.

मामांचं हे बघणं रानापुरतं नव्हतं. दौंडच्या स्टेशनात गेले की आधी पुलावर चढून सगळे प्लॅटफॉर्म नजरेखालून घालायचे आणि मगच खाली. लोक त्यांना धक्के देऊन पुढं जायचे. आठवड्याच्या बाजारात देवळाच्या पायरीवर उभं राहून पाच मिनिटं बघायचे. मग जे निघायचे ते मिरच्या, कोथिंबीर, लसूण, बोंबील असं सगळं घेऊन दुसऱ्या टोकाला बाहेर, एकही गल्ली दोनदा नाही. आमच्या आईला ह्याचं फार अप्रूप. मला बाजाराला पाठवलं की ती म्हणायची, "जा, पन आज यायचा हाईस न्हवं?"

लग्नाच्या पंगतीत ते नेहमी टोकाला बसायचे, हात धुवायच्या बाजूला. एकदा वाढप्यानं त्यांना आग्रहानं मधे नेऊन बसवलं. मामा उपाशी उठले नाहीत, पण अख्खं जेवण त्यांनी मान वर करून केलं. समोरच्या रांगेतनं कुठून निघायचं ते शोधत होते. जिलबी कशी होती विचारलं तर म्हणाले, "जिलबी होती का?"

शिरूरला एका लग्नाला आम्ही जीपमधून चाललो होतो. मी मोबाइल काढून नकाशा लावला. त्यातली बाई सांगायला लागली, इतक्या मीटरवर डावीकडं वळा. मला वाटलं, आता मामांची खोड मोडली. मामा मागच्या सीटवरून पुढं वाकून ऐकत होते.

"ही बाई कुठं उभी हाय?" त्यांनी विचारलं.

"उभी नाही मामा, वरून दिसतं तिला. उपग्रहावरून."

"वरनं सांगती व्हय." मामा मागं टेकून बसले. मग म्हणाले, "वर बसनाऱ्याला काय, त्याला कुठं चिखलात चाक घालायचंय."

आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी मोबाइल बंद केला. पुढं मामांनी सांगितलेल्या वाटेनं गेलो आणि अक्षता पडायच्या आत पोचलो, हे मला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. रविवारच्या पेपरच्या पुरवणीत एक कोडं यायचं, उंदराला बिळापर्यंत पोचवा. वेड्यावाकड्या गल्ल्या, त्यातून एकच खरी. पहिल्या रविवारी तिनं ते माझ्याकडं आणलं. मी पेन्सिल घेतली, तीन ठिकाणी चुकलो, खोडरबरानं कागद फाडला. दुसऱ्या रविवारी ती माझ्यासमोरून पेपर घेऊन सरळ मामांकडं गेली. मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी पेन्सिल हातात धरलीच नाही. नजर बिळावर ठेवली, तिथून उंदरापर्यंत आणली, आणि तिच्या कानात वळणं सांगितली. ती टाळ्या पिटत होती. आबा पलीकडं बसून तिच्याकडं नाही, मामांकडं बघत होते. माझ्याकडं तसं बघावं म्हणून मी काय काय केलं असतं.

एक गोष्ट मी केलीच. मामा गावाला गेले असताना मी दोन्ही ट्रॉल्या जोडून एका रानात शिरलो. मडगार्डावर चढलो, हात पाठीमागं बांधले, सगळं यथासांग. विहिरीपाशी वळताना मागच्या ट्रॉलीचं चाक विहिरीच्या कठड्याला जाऊन भिडलं आणि तिथंच दुपार झाली. आबा मोटारसायकलवरून आले, गाडी स्टँडवर लावली, सगळं बघून घेतलं.

"डोळे हायत का बटनं?" ते म्हणाले. टोळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

दुसऱ्या दिवशी मामा आले. त्यांनी विहीर बघितली, चाकाच्या खुणा बघितल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू वाट बरोबर बघितलीस. पन तू ट्रॅक्टरची वाट बघितलीस. मागल्या ट्रॉलीची बघायला पायजे." त्यांनी मला शिकवलं ते मला पटलं, आणि शिकवलं म्हणून मी त्यांचा आणखी राग केला. मनातला हेवा असाच असतो, समोरचा वाईट वागला तर बरं वाटतं, चांगला वागला तर भडकतो.

आता त्या दिवसाचं सांगतो.

राहू गावाच्या अंगाला नदीकाठी एका बागायतदाराचं रान होतं. मोठं. त्या रानाला पाठीमागून एक पाणंद होती, म्हणजे बैलगाडीची जुनी वाट, दोन्हीकडं उभा ऊस. मामांनी आदल्या दिवशी ठरवून ठेवलं होतं की पुढून शिरायचं आणि पाणंदीनं बाहेर पडायचं. त्या सकाळी मी मुकादमाला डिझेलचा कॅन द्यायला मोटारसायकलवरून निघालो आणि जवळचं म्हणून पाणंदीनंच गेलो. वाटेत वळणापाशी, रानाकडून बघितलं तर वळणाच्या पुढं, वाट आडवी खणलेली होती. कुणीतरी पहाटे जेसीबी लावून पाइपलाइनसाठी चारी काढली होती, कमरेएवढी खोल, आत पाइप टाकलेले, उघडेच. शेजारच्या पाटाचं पाणी त्यात झिरपत होतं. कडेला दगडाची एक फरशी टाकली होती, तिच्यावरून मी गाडी ढकलत पार केली.

रानाच्या तोंडाशी आलो तेव्हा मामा मडगार्डावर उभे होते. टोळी गप्प. त्यांची नजर सडकेवरून पाणंदीत आली, वळणापर्यंत आली आणि तिथं थांबली. वळणाच्या पुढं शेजाऱ्याचा ऊस उभा होता. चारी त्यांना तिथून दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा एका वाटेवरची एक गोष्ट मला ठाऊक होती आणि त्यांना नाही.

एवढंच सांगायचं होतं, 'मामा, वळणापुढं खणलंय.' तीन शब्द. ते माझ्या जिभेवर आले होते. तेवढ्यात आबा आठवले, त्यांचं ते बटणं म्हणणं आठवलं, आणि पदराआडचं हसणं. मी कॅन खाली ठेवला आणि गप्प राहिलो.

मामा खाली उतरले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या मोटारसायकलीकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. बडीशेप खाल्ली नाही.

"निघू का मग?" त्यांनी मला विचारलं.

हे त्यांनी आजवर कुणालाही विचारलेलं नव्हतं. मला त्या क्षणी काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. मामा मला विचारतायत, आणि तेही टोळीसमोर.

"निघा की," मी म्हणालो.

दुपारी भरल्या दोन ट्रॉल्या घेऊन ते पाणंदीत शिरले, वळण घेतलं आणि थांबले. पुढं चारी, दोन्ही बाजूंना ऊस, मागं जाता येत नाही. मागून आलेले दुसरे दोन ट्रॅक्टर त्यांच्या पाठीशी तटले. चारीवरून जावं तर पाइपांचा चुरा झाला असता, आणि पाइपवाला तिथं येऊन आडवा उभा राहिला होता. शेवटी मागची अख्खी ट्रॉली हातानं रिकामी करून सोडवायची ठरली, म्हणजे एका ट्रॉलीनिशी ट्रॅक्टर मागं घेता येईल. सकाळपासून ऊस तोडून थकलेल्या बायाबापड्यांनी मोळी मोळी डोक्यावर घेऊन तो पुन्हा बाहेर काढला. सकाळी बांधलेलं सगळं. एकही बाई हसत नव्हती. मीही मोळ्या उचलल्या. मामा माझ्यापुढंच होते, त्यांच्या मानेवर उसाची पानं कापून लाल रेघा उठल्या होत्या.

आबा आले. चारी बघितली, मामांकडं बघितलं.

"मामा, तुम्ही बघितलं न्हवतं व्हय?"

"बघितलं हुतं आबा," मामा म्हणाले. "नजर चुकली."

सगळ्यांसमोर. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

आबांच्या मनाला ते लागलं. त्यांना खरंच वाटलं की मामांचे डोळे अधू झाले. त्यांनी मामांना दौंडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलं, आणि गाडी चालवायला मी. डॉक्टरांनी मामांना लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मामांनी सगळ्यात खालच्या, सगळ्यात बारीक ओळीपासून सुरुवात केली आणि वर गेले. डॉक्टर हसायला लागले. "ह्यांचे डोळे तुमच्या मुलापेक्षा चांगले आहेत," ते आबांना म्हणाले. दुसरा कुठला दिवस असता तर हे वाक्य मला आठवडाभर जाळत राहिलं असतं. त्या दिवशी मी नुसता गाडीची किल्ली चाचपत बसलो.

परतीच्या वाटेवर यवत मागं पडलं. मग आबा म्हणाले, "डोळे चांगले हायत तर चुकलं कसं?"

"वय झालं आबा," मामा म्हणाले. "आता दुसरा गडी बघा."

सीझन अर्धा बाकी होता. त्यांनी ट्रॅक्टर धुतला, किल्ली आबांच्या हातात दिली, माझ्या मुलीला बडीशेपेची पुडी दिली आणि केंदूरला निघून गेले. आबा फाट्यापर्यंत त्यांना सोडायला गेले होते. आले ते सरळ आत जाऊन झोपले, जेवले नाहीत.

त्याला आता चार वर्षं झाली. ट्रॅक्टर मी चालवतो, दोन्ही ट्रॉल्या जोडून आत जातो. मामांनी सांगितलं होतं तशी मागच्या ट्रॉलीची वाट बघतो. मला जमायला लागलं. आणि मग मागच्या महिन्यात आमच्या अंगणात चार पाहुणे बसलेले असताना आबा म्हणाले, "आमच्या पोराची नजर मामांच्याबी वर गेली. त्यानं चार वर्षांत एकदाबी ट्रॉली अडकवली न्हाई."

ज्या शब्दांसाठी मी अर्धं आयुष्य कान देऊन बसलो होतो ते हे शब्द. मी चहाचा कप खाली ठेवला, मोटारसायकल काढली आणि सणसवाडीला गेलो. मामा तिथं एका कंपनीच्या गेटवर असतात हे मला ऐकून ठाऊक होतं.

ते गेटाच्या आत, कंटेनर वळवायच्या जागेत उभे होते. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. केस पिकलेले. मला बघून त्यांनी आबांची तब्येत विचारली, मुलगी कितवीला गेली विचारलं. मी सगळी उत्तरं दिली आणि मग एका दमात सांगून टाकलं. चारी मला ठाऊक होती. मी बघितली होती. मी मुद्दाम बोललो नाही.

मामांनी गेटाकडं बघितलं. मग म्हणाले, "तुझ्या गाडीच्या चाकाला वला गारा होता. वल्या मातीचा. त्या दिसांत पानंदीत वल कुठनं येनार? कुनीतरी कायतरी उकरलंय, एवढं मला दिसलं हुतं."

"मग आत गेलात कशाला?"

"तुला इचारलं न्हवं. तू निघा म्हनलास."

ज्यांनी जन्मभर डोळ्यांवर भरवसा ठेवला त्यांनी त्या दिवशी डोळे बाजूला ठेवून माझा शब्द धरला होता. एवढा भरवसा माझ्यावर आबांनीही कधी टाकला नव्हता.

"आबांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? त्यास्नी तू एकलाच हाईस." मामांनी गळ्यातली शिट्टी सरळ केली. "आन् ऱ्हायलो असतो तर फुडं तुम्हा बापलेकांत काय झालं असतं ते बी दिसत हुतं. म्हनून निघालो."

तेवढ्यात एक लांबलचक कंटेनर आत आला. मामांनी जागेवर उभं राहून सगळं आवार एकदा नजरेखालून घातलं आणि शिट्टी वाजवली. ड्रायव्हर उत्तरेकडचा पोरगा होता. तो आरशात बघतही नव्हता. मामांच्या शिट्टीवर एवढं मोठं धूड मागं घेत होता, निवांत, एका हातानं. मला त्या पोराचाही हेवा वाटला.

निघताना मी म्हणालो, "आज घरी जाऊन आबांना सांगतो."

"आता नको," मामा म्हणाले. "म्हातारपनी तेवढंच एक समाधान हाय त्यास्नी. तुझी नजर चांगली हाय म्हनत्यात तर म्हनू दे."

मी आबांना सांगितलं नाही. अजून कुणी दारात आलं की आबा माझ्या नजरेचं कौतुक सुरू करतात, मामांचं नाव घेऊन. मी उठून गोठ्याकडं जातो. आबा पाहुण्यांना म्हणतात, पोरगं लाजाळू आहे.